नोरीनने धुतलेले रक्त

दिनांक १४ ऑगस्ट २०१८, मंगळवार. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ओसाड मुलखातल्या कुर्राबिन गावच्या पेट्रोल पंपावर पूर्वेकडून एक पांढरी जीप आली. तिच्या चालकाने आठ किलोमीटर मागे, कोरड्या ओढ्याच्या उतारात, एका बैलाला धडक दिली होती. हे त्याने कोणालाही सांगितले नाही. पोलिसांच्या कागदावर पुढील प्रकाराची नोंद ‘भटक्या जनावरामुळे अपघात’ अशी आहे. ती नोंद अपुरी आहे, म्हणून उरलेले येथे लिहून ठेवले आहे.

पंप नोरीन प्रॅटचा. वय एकोणसाठ. गावात माणसे अकरा, त्यांतला एक तिचा धाकटा भाऊ क्लेम. तो मळ्यामळ्यांवर टपाल पोहोचवी. प्रवाशाने न मागता त्याच्या गाडीची काच धुवायची, जनावरांच्या धडकेपासून गाडी वाचवणाऱ्या पुढच्या लोखंडी कठड्यावर रक्त असेल तर तेही धुवायचे, ही नोरीनच्या बापाची रीत आणि मग तिची. या मुलखाची दुसरी रीत त्याहून जुनी. जनावराला धडक बसली तर ते रस्त्यावरून ओढून बाजूला करावे. जमत नसेल तर पहिल्या पंपावर सांगावे, कुठे आणि कोणत्या बाजूला. त्यावर कोणी दंड मागत नाही, कोणी हसत नाही. पंप सांभाळू लागल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत याबाबतीत नोरीनशी कोणी खोटे बोलले नव्हते.

जीपमधले जोडपे सभ्य होते. त्यांनी गावाच्या पाटीचे फोटो काढले, मटण भरलेले दोन पॅटिस घेतले. इथे राहून वेड कसे लागत नाही, असे त्या गृहस्थाने विचारले.

“लागलंय, म्हणूनच राहतोय,” नोरीन म्हणाली. मग कठड्याकडे बोट करून तिने विचारले, “हे काय लागलं?”

“कांगारू. काल, खूप मागे.”

तिने साबणाच्या पाण्याची बादली घेतली. कालचे रक्त या उन्हात वाळून सुरीने खरवडावे लागते. हे पहिल्याच पाण्यासरशी वाहून गेले. तिच्या हाताला ते कळले, पण माणसाने स्वतः सांगितले होते, म्हणून तिने हाताचे ऐकले नाही.

क्लेम आपल्या गाडीत टपालाच्या पिशव्या चढवत होता. लोकांच्या गाड्या धुतेस, कधी मलाही धू, असे तो म्हणाला. तुला धुवायला टाकीभर पाणी लागेल, ते गावाला परवडणार नाही, असे तिने सुनावले. तो उगवत्या सूर्याकडे निघाला. जीप पश्चिमेला गेली.

पहिल्या मळ्याच्या फाटकाशी पोहोचला की क्लेम बिनतारी यंत्रावर तसे कळवी. त्या दिवशी कळवले नाही. नोरीनने रायफल घेतली आणि गाडी काढली.

कंबर मोडलेला बैल पुढच्या पायांवर उतारात बसून राहिला असणार, आणि क्लेमच्या डोळ्यांत ऊन. नोरीन पोहोचली तेव्हा तो बैल क्लेमच्या गाडीच्या बॉनेटवर होता, मुंडके आणि पुढचे पाय काच फोडून आत, आणि जिवंत. तो सुटण्यासाठी झाडत असलेला प्रत्येक खूर क्लेमच्या छातीवर बसत होता. क्लेमच्या गालाचे कातडे सोलून लोंबत होते. नोरीनने नळी बैलाच्या कानामागे टेकवली. बैलाने मान हिसडली आणि गोळीने त्याचा जबडा उडवला. दातांचे तुकडे क्लेमच्या केसांत अडकले. बैल अधिकच झाडू लागला. तिने शिंग काखेत दाबून धरले आणि दुसरी गोळी झाडली. मग तिने विमानाने येणाऱ्या डॉक्टरांना बिनतारीवर कळवले, साखळी बांधली आणि ते धूड मागे खेचून काढले. वजन निघताच क्लेमच्या तोंडातून फेसाळ रक्त आले.

“त्यानं सांगितलं नाही का गं तुला?” क्लेमने विचारले.

नोरीनच्या बोटांना अजून साबणाचा वास होता. ती नाही म्हणाली.

“मग तू तरी विचारायचंस ना परत.”

हे तो रागाने बोलला. तेच त्याचे शेवटचे बोलणे. विमान रस्त्यावर उतरले तेव्हा त्याला जाऊन चाळीस मिनिटे झाली होती.

जीप तीन गावे पुढे सापडली. कांगारू होता, हेच चालकाचे उत्तर. कठडा जाड, कुठे पोचा नाही. रक्त नाही, केस नाही. चौकशीला आलेला शिपाई नोरीनला लहानपणापासून ओळखत होता. त्याने खालमानेने विचारले, “मावशी, धुतलंस तूच ना?” तिने हो म्हटले. पोलिसांना लिहिलेल्या तिच्या तीन पत्रांना ‘पुराव्याअभावी’ या एका शब्दाचे उत्तर आले.

बादली आजही पंपावर आहे. कठड्यावर रक्त दिसले तर नोरीन आधी त्यावर बोट फिरवते. ओले असेल तर किल्ली काढून घेते, आणि कुठे, कोणत्या बाजूला, हे कळेपर्यंत परत देत नाही. प्रवासी तिला उद्धट म्हणतात. काहींनी तशी तक्रारही केली आहे.

वाचकांकडे मागणी एकच. त्या रस्त्याने जाताना जनावराला धडक बसली तर थांबा, ते बाजूला करा, आणि पहिल्या पंपावर खरे सांगा.