अनंताच्या खुणेच्या केसभर अलीकडे

जनादादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्याआधी एक काळी चिकटपट्टी आठवली. कबूल करतो, ती पट्टी मी हलवली होती... आणि वर्षभर गप्प राहिलो.

घणसोली गावात मी त्यांचा भाडेकरू. कंपनीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाल्यावर दादांनी भंगारवाल्याकडून रोलच्या कॅमेऱ्याची एक जुनी, वजनदार लेन्स आणली, जोडकडी लावून ती सेकंडहँड डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली आणि ताऱ्यांचे फोटो काढायला लागले. आता हा नाद बराच पसरलाय. लोक घराघरांतले माळे धुंडाळून अशा लेन्स शोधतात. ऐरोलीच्या आयटीतली मंडळी दादांच्या गच्चीवर शिकायला यायची. एकानं नवाकोरा महागडा कॅमेरा दाखवला, तर दादा म्हणाले, "कॅमेरा झ्याक हाय. आता आभाल कोनच्या दुकानातून आननार?" मग त्यालाच शेजारी बसवून तासभर शिकवलं. आपल्याला कळलेलं त्यांनी कधी कुणापासून झाकून ठेवलं नाही.

त्यांची रीत ठरलेली होती. फोटो काढायला बाहेर निघायच्या आदल्या संध्याकाळी खाडीपलीकडचा एक दिवा बघत फोकस जुळवायचा आणि लेन्सवरची फोकसची रिंग हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावायची. अंधारात बोटांनी पट्टी चाचपली की झालं. त्या खेपेला जासईला, त्यांच्या मेहुण्याच्या शेतावर जायचं होतं. बॅग भरताना मला दिसलं, रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात दूरच्या अंतराच्या, खुणेच्या केसभर अलीकडे थांबलीय. वाटलं, मोतीबिंदू काढलेले डोळे, चुकले असतील. मी रिंग खुणेवर नेली आणि पट्टी पुन्हा तशीच चिकटवली. जोडकडी लावलेल्या जुन्या लेन्सची खूण खरी नसते, हे मला ठाऊक नव्हतं.

जासईहून परतल्यावर बघतो तर कॉम्प्युटरवर एकेक तारा लाहीसारखा फुगलेला. दादा म्हणाले, "पट्टी मीच लावली व्हती... मंजे डोलेच गेले." त्यांनी लेन्स कपाटात ठेवली. पुढे शिकायला आलेल्यांनाही ते परत पाठवायला लागले. खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं.

आज ती लेन्स वहिनींच्या शोकेसमध्ये आहे. रिंगवरची पट्टी जरा तिरकी आहे. ती मी लावलेली, पण जागा दादांची. दादा गेले त्याच्या आठवडाभर आधी ते दवाखान्यातून घरी आले, त्या संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी लेन्स मागवली, कॅमेऱ्यावर बसवून खाडीपलीकडच्या दिव्यावर रोखली, रिंग सावकाश फिरवली आणि खुणेच्या केसभर अलीकडे थांबले. "लाव पट्टी," म्हणाले. मी लावली. जरा तिरकीच.

मग त्यांनी विचारलं, "मंजे माजे डोले ठीक व्हते?"

"ठीक होते, दादा. चूक माझी होती. मला माफ करा."