फटींचं माप

आमच्या घरी जेवण संपल्याची खूण ढेकर नव्हती, पिन होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, हात धुऊन यायचे आणि काही न बोलता तळहात पुढे करायचे. आई बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यावर ठेवायची. मग अण्णा गॅलरीत पाठमोरे उभे राहून, एका हाताने तोंड झाकून, दातांतल्या फटी कोरायचे. पिन धुतली जायची आणि परत बांगडीत. मला लहानपणापासून या प्रकाराची किळस. पण त्या दोघांनी एकमेकांचा हात हातात घेतलेला मी कधी पाहिला नाही. पिन देताना बोटं लागायची तेवढीच. त्यामुळे किळस आली तरी मी बघत राहायचे.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी मल्लेश्वरमच्या घरात अण्णांबरोबर राहते आणि जवळच्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. अण्णा अठ्ठ्याहत्तरचे. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. मशीनवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं; असला तर पास, नसला तर परत. नोकरी संपली, सवय संपली नाही. माझी चपातीसुद्धा ते आधी फिरवून बघतात. मी भडकले की म्हणतात, "पास केली की गं, पुट्टी. आता काय?" पुट्टी म्हणजे छोटी. मी पन्नाशीला टेकले आहे.

गेल्या वर्षी त्यांची उजवीकडची खालची दाढ दुखायला लागली. चार दिवस लपवलं, पाचव्या दिवशी ताटातली चकली बाजूला सारली, तेव्हा मी त्यांना धरून दाताच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आमच्याच गल्लीच्या टोकाला बसते, माझ्या भाचीच्या वयाची. आमचं तिच्याशी सगळं कन्नडमध्ये. तिने अण्णांच्या हातात आरसा दिला आणि म्हणाली, "अंकल, ब्रश तुम्ही छान करता. पण दातांचा पुढचा भाग घासला, मागचा घासला, दोन दातांच्या मधे कोण जाणार?" अण्णांनी अभिमानाने पिनेचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही, एवढंच.

हिरडी सुजली होती, आत खळगे झाले होते, दाढ किंचित हलत होती. तिने आतून सगळी सफाई करून दिली आणि स्पष्ट सांगितलं, "डावीकडच्या दाढा तुमच्या केव्हाच गेल्यात. चावायला ही एकच बाजू आहे. रोज फटी साफ ठेवल्यात तर ही दाढ टिकेल. तीन महिने बघू. नाहीतर काढावी लागेल."

 घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "कवळी बेडा." बेडा म्हणजे नको, आणि अण्णांचं बेडा म्हणजे विषय बंद. त्यांच्या वडिलांनी शेवटची कितीतरी वर्षं कालवलेल्या भातावर काढली होती, ते अण्णांनी पाहिलं होतं. संध्याकाळी चहाबरोबर निप्पट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाची कडक तळलेली पुरी, कुडुम्‌कन मोडून खाणं हे आता त्यांचं एकुलतं एक सुख. ती दाढ गेली की तेही गेलं. मला अगदी रडू आलं. आणि मला रडू आलं की मी ओरडते, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, की घाला आता आयुष्यभर पिना दातांत.

मग शोध सुरू झाला. आधी फ्लॉसचा दोरा आणला. अण्णांनी तो दोन्ही हातांत ताणून बघितला, वास घेतला, आणि दोन दिवसांत नापास केला. मागे जातच नाही म्हणाले. मग माझ्या भावाने पाण्याची धार मारणारं यंत्र पाठवलं. अण्णांनी तोंड मिटायच्या आत बटण दाबलं. आरसा, बनियन, वर वाळत घातलेला माझा टॉवेल, सगळ्यांचे दात स्वच्छ झाले. यंत्र परत खोक्यात गेलं.

शेवटी डॉक्टरने दोन दातांच्या मधे घालायचे इवले इवले ब्रश दाखवले. बाटली धुवायच्या ब्रशाची पिल्लंच ती. तारेला बारीक केस, आणि फट जेवढी तेवढ्या जाडीचा ब्रश. प्रत्येक मापाला वेगळा रंग. माप हा शब्द ऐकला मात्र, अण्णांचे डोळे चमकले. "पुढच्या खेपेला मी फटी मोजून देते," डॉक्टर म्हणाली. पण पुढच्या खेपेपर्यंत थांबतील तर ते अण्णा कसले!

रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आले, तर अण्णा खिडकीपाशी आरसा टेकवून बसलेले, समोर स्पिरिटची बाटली, आणि तोंडात फीलर गेज. फीलर गेज म्हणजे पोलादी पातळ पात्यांचा जुडगा. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली असते. मशीनच्या दोन भागांमधली फट मोजायची तर एकेक पातं घालून बघतात. अण्णांनी ती पाती स्पिरिटने पुसून स्वतःच्या दातांत घातली होती. हनुवटीवर रक्त.

"अण्णा! तोंड आहे ते, इंजिन नव्हे!"

"फट ती फट," ते रुमालाआडून म्हणाले. "सुम्मने, उगाच ओरडू नको. पुढच्या चार मोजून झाल्या."

मी ती पाती हिसकावून घेतली.  सोमवारी डॉक्टरला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली, मग त्यांना चांगलं झापलं, आणि मग नीट मोजून तीन मापं ठरवून दिली. "ब्रश अडकत अडकत जायला हवा, पण जोर लावावा लागता कामा नये," ती म्हणाली. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ. आमच्या कारखान्यात हेच शिकवायचे." घरी येऊन त्यांनी आलेखाच्या कागदावर आपल्या सगळ्या दातांचा नकाशा काढला, कुठल्या फटीला कुठला रंग ते लिहिलं आणि कागद बेसिनजवळ चिकटवला. पाहुणे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मनातून मी खूश होते. पद्धत सापडली होती.

महिन्याने तपासणी. पुढच्या हिरड्या उत्तम. मागे, त्या दाढेपाशी, अजून रक्त. अण्णा म्हणाले, "ब्रशचा माल खराब आहे. तार वाकते." आम्ही दुसऱ्या बनावटीचे आणले. तेही वाकले. मी आणखी पंधरा दिवस बघितलं आणि एका संध्याकाळी माझा तोंडाचा पट्टा सुटला. तुम्हीच टाळाटाळ करता, कंटाळा करता, आणि दोष ब्रशला देता. अण्णांनी उत्तर दिलं नाही. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं, कारण अण्णा उत्तर देत नाहीत असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बेसिनच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. अण्णा आरशासमोर उभे होते. उजव्या हातात ब्रश, आणि डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलेलं. तरी हात थरथरत होता. ब्रश फटीपाशी जायचा, हुकायचा, हिरडीत रुतायचा. तार वाकली. त्यांनी ती बोटांनी सरळ केली आणि पुन्हा लावली. पुन्हा हुकली. साबणाच्या रिकाम्या डबीत वाकलेल्या ब्रशांचा ढीग होता. पुढचे दात कसेतरी जमत होते, मागचे जमत नव्हते. या हातांनी केसाएवढा फरक ओळखला होता. मी मागच्या पावली स्वयंपाकघरात गेले आणि स्वतःला शिव्या दिल्या. वर्षानुवर्षं एका घरात राहून मला चपातीवरची टीका ऐकू आली आणि हे दिसलं नव्हतं.

हाताबद्दल बोलले असते तर ते उठून गेले असते. रात्रभर विचार करून सकाळी मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या कारखान्यात ज्याने भाग बनवला, त्यालाच तो पास करू द्यायचे का?"

"छे! दुसराच माणूस लागतो."

"मग तुमच्या मागच्या फटी तुम्हीच साफ करता आणि तुम्हीच पास करता, हे कसं चालतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि मला कळलंय हेही. मग ते उठले, खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दिव्याखाली बसले आणि त्यांनी तोंड उघडलं.

बापाच्या तोंडात मी पहिल्यांदा डोकावत होते. झिजलेले, पिवळट, एकेक जपलेले दात. मला त्या तोंडाची किळस वाटेल असं वाटलं होतं. वाटली ती फक्त माया. पहिल्या दिवशी मी त्यांना दोनदा टोचलं. "स्वल्प वर," ते तोंड उघडं ठेवून कसंबसं म्हणायचे. "वाकडं धर. हां, सरी, सरी." रोज संध्याकाळी जेवण झालं की ते खुर्ची ओढायचे. माझा हात पास व्हायला आठ दिवस लागले.

तीन महिने झाले तेव्हा डॉक्टरने दाढेभोवती सगळीकडून सळई फिरवली. रक्त नाही. दाढ हलवून बघितली, पुन्हा बघितली. "राहिली," ती म्हणाली. "आता काढायचं नाव नको. अंकल, खरं सांगू? मागच्या फटीत इतकं नीट काम या वयात कुणाला जमत नाही. काय स्थिर हात आहे तुमचा!"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. अण्णांनी नुसती मान डोलावली असती तरी मी जन्मात कुणाला सांगितलं नसतं.

अण्णा खुर्चीत सरळ होऊन बसले. छातीवरच्या कापडाखालून त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि तिच्यासमोर धरले. ते थरथरत होते, आणि ते थांबवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"हात हे असे आहेत," ते म्हणाले. "दाढ माझ्या मुलीने राखली."