वाकळीचा चौथा फेरा

मामींनी आज परंड्याहून एक फाटकी वाकळ शिवायला पाठवली. पिशवी उघडताच पेट्रोलचा भपकारा आला आणि माझं डोकंच फिरलं. ती माझी वाकळ होती.

आईवडिलांनी मला शाळेत घातलंच नव्हतं. ईट गावातल्या घरात आई जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची आणि शिवता शिवता मला गणित शिकवायची. काठापासून आत एकेक फेरा घालत जायचं, दर फेऱ्याला किती टाके कमी झाले ते मोजायचं. नऊ वर्षांची असताना मी एकटीनं पहिली वाकळ धरली. तेव्हाच मामा आले. ते परंड्याला मास्तर होते.

"कितवीत हाईस गं?" त्यांनी विचारलं.

मी मान वर न करता ऐटीत सांगितलं, "चौथ्या फेऱ्यात."

मामा मांडीवर थाप मारून हसले. "पोरीचं वाटोळं करायलीस बघ," आईला म्हणाले. आणि जिनं मला तो फेरा शिकवला, ती आईही तोंडाला पदर लावून हसली.

वाकळ पुरी झाल्यावर आईनं ती मामांकडं धाडली, पोरीला काय येतं ते दिसावं म्हणून. त्यांनी ती मोटारसायकल झाकायला घेतली. आज कापडाच्या चिंध्या झाल्यात, पण माझा एकही टाका उसवलेला नाही.

मामांना मी माफ करणार नाही. पण आता माझी लेकही घरीच शिकते, आणि पाहुण्यानं तिला "कितवीत?" विचारलं की माझाही हात पदराकडं जातो. सगळ्यात जास्त राग मला त्या हाताचा येतो.