सोमा पोटात असताना मी ‘न्हाय’ म्हणाले

सात वर्षांची असताना मी डॉक्टरांशी खोटं बोलले.

आज सोमाला, माझ्या धाकट्या भावाला, जाऊन बारा वर्षं झाली. ही गोष्ट त्याला कधीच सांगितली नाही. आईलाही परवापर्यंत नाही.

एक्क्याण्णव साल. आम्ही निमगाव केतकीला होतो. माझी थोरली बहीण थॅलेसेमियानं गेली होती. तिच्या अंगात रक्त नीट तयारच व्हायचं नाही, बारामतीला नेऊन भरावं लागायचं.

ती गेल्यावर तिथले डॉक्टर आईला म्हणाले होते, "पुन्हा दिवस गेले तर लगेच कळवा. सुरुवातीलाच पोटातल्या बाळाची टेस्ट करता येते, मुंबईला. परदेशात तर बाळ पोटात असतानाच त्याला निरोगी पेशी देऊन बघतायत. जमेलच असं नाही. पण उशीर करू नका."

आई हो म्हणाली होती.

पण आमच्याकडं तीन महिने भरल्याशिवाय दिवस गेल्याचं बोलत नाहीत. नजर लागते. त्यात एक लेकरू गेलेलं.

मला अक्षरं आत्यानं घरीच शिकवली, शाळेच्या आधी. आणि अक्षरांच्याही आधी एक धडा: घरातलं बाहेर काढायचं नाही.

मी तो फार मनापासून पाळायचे.

आईला पुन्हा दिवस गेलेत, हे मला ठाऊक होतं. त्याच दिवसांत मला ताप आला. आई उलट्यांनी पडून होती, म्हणून आत्या मला एसटीनं बारामतीला त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेली. ती औषधं आणायला बाहेर गेली, तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "आई का नाही आली गं? घरात बाळ येणार आहे का?"

"न्हाय," मी म्हणाले. "आई रानात गेलीया."

परत येताना आत्याला सांगितलं. तिनं स्टँडवर मला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या.

आई त्यांच्याकडं गेली ती पाचव्या महिन्यात. डॉक्टर रागावले नाहीत. फाईल मिटून म्हणाले, "आता उशीर झाला."

मी शेजारीच उभी होते.

सोमालाही तेच निघालं. दर तीन आठवड्यांनी बारामती. सुई टोचली की नर्सला विचारायचा, "आज कुणाचं रगत हाय?" त्यांना कुठलं माहीत असणार. मग म्हणायचा, "तालमीतल्या सर्जेरावाचं आणा की. अक्काला उचलून आपटतो."

आठ वर्षांचा होऊन गेला. आपटलं कधीच नाही.

पुढं नेटवर सापडेल ते वाचलं. पोटात पेशी देण्याचे ते प्रयोग थॅलेसेमियात फारसे लागू पडले नव्हते. वाचून बरं वाटायला हवं होतं.

वाटलं नाही. ते ठरवणं आईचं होतं. उत्तर मी देऊन आले.

परवा आईला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत.

"टेस्टमधी निघालं असतं तर पाडा म्हणले असते," ती म्हणाली. "आन् मी व्हय म्हणले असते. थोरलीचे हाल बघितले हुते मी."

टरफलं बाजूला सारून म्हणाली, "मग सोमा कुणाला म्हणायचं?"

हे ती माझ्यासाठी म्हणाली की खरंच, ते मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

सोमा, चुकलं माझं. ‘न्हाय’ मी म्हणाले आणि सुया तुला टोचल्या.

पण तू आलास, हे बरं झालं रे.

तुझी फार आठवण येते.

तुझी अक्का