उन्हात बघायचा निळा

शाईत अंगठा बुडवायचा, कागदाच्या कपट्यावर घासायचा आणि कपटा घेऊन थेट दारात जायचं. उन्हात धरून, मान तिरकी करून बघायचं. मंग म्हणायचं, "पाटील, ट्यूबलाइट झूट बोलती. ऊन नाय बोलत."

ही मियाँची रीत. आमच्या छापखान्यात शाई घोटायचं काम त्याचं, मशीन माझं. पोरं त्याला चाचा म्हणायची. मी मियाँ म्हणायचो, वयानं आम्ही बरोबरीचे. छापखान्याच्या दारात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर असा माणूस बघितला असंल. नखं सगळी रंगलेली, शर्ट मात्र पांढराफेक.

गिऱ्हाईक "हिरवा टाका" म्हणालं की झालं. "हिरवा कोणता? शेपूचा का पालकाचा?" मंग हा विचारायचा, नवरी कुठली, मांडव कुठं, लगीन दुपारचं का सांजचं. शेंद्र्याकडच्या एका माणसाला पोरीच्या पत्रिकेवर सोनेरी पाहिजे होता. ह्यानं दिला नाही.

"सोनेरी सगळ्यांचाच असतो. तुमच्या दारात काय आहे?"

"मोसंबीची बाग."

पिकत आलेल्या मोसंबीच्या सालीचा रंग असतो ना, अर्धा हिरवा, अर्धा पिवळा, त्या रंगाची कड पत्रिकेला दिली. बाकी कागद कोरा. तो माणूस पत्रिका नाकाला लावून हुंगायला लागला. मी हसलो. हा हसला नाही. "शाईचा वास येतो, भाऊ," इतकंच म्हणाला.

ईदचा हिरवा, शिवजयंतीचा भगवा, भीमजयंतीचा निळा, सगळे एकाच काचेवर, एकाच सुरीनं घोटायचा. मधी काच रॉकेलनं पुसायची. कुणी म्हणालंच, चाचा, आमच्या रंगाला जपून हात लावा, तर म्हणायचा, "तुझा रंग बाद में. पहले काच पुसू दे."

मंग त्याचा निळा बिघडायला लागला. एकदम नाही, हळूहळू. हा निळा घालायचा, दारात जायचा, "मळकट दिसतो" म्हणायचा आणि वर जांभळा घालायचा. वर्ष गेलं, दुसरं गेलं. जयंतीच्या पोस्टरला निळ्याच्या जागी वांग्याचा रंग आला. मालक गप्प, पोरं गप्प. मुकुंदवाडीची मंडळी पोस्टर न्यायला आली, एकमेकांकडं बघितलं, "छान आहे, चाचा," म्हणाली आणि गठ्ठा उचलून गेली.

मी गप्प बसलो नाही. मला ते जमत नाही.

"मियाँ, तुझा डोळा गेलाय."

"तुझं मशीन गेलंय."

"मशीन काल धुतलंय."

"मंग धुताना तुझं डोकं वाहून गेलं असंल."

त्यानंतर महिनाभर बोलला नाही. चहा आला की माझ्याकडं पाठ करून प्यायचा.

शेवटी त्याच्या पोरीनं त्याला दवाखान्यात नेलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. कामावर आला तो खुशीत. "पाटील, तुझे केस पांढरे आहेत की रे! मला पिवळट वाटायचे."

मंग तो भिंतीपुढं गेला. छापलेल्या मालाचे नमुने आम्ही तिथं चिकटवून ठेवायचो. एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. परत पहिला. जयंतीच्या पोस्टरपुढं लई वेळ उभा राहिला.

"सगळ्यांना दिसत होतं?"

"व्हय."

"मंग कुणी बोललं नाय."

"मी बोललो."

"तू रोजच भांडतो. ते मी धरत नाय."

रंग चुकल्याचं कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर त्यानं शिव्या देऊन का होईना, परत घोटला असता. पण लोकांनी चुकलेला रंग म्हाताऱ्याची कीव करून घरी नेला होता. ते त्याला लागलं.

दुपारी त्यानं सुरी पुसली आणि काचेवर आडवी ठेवली. मालक म्हणाला, "चाचा, आता तर डोळा चांगला झाला. आताच कशाला जाता?"

"आता तुम्ही छान म्हणालात, तरी मला खरं वाटणार नाय."

परत काही आला नाही.

मी पडेगावला त्याच्या घरी जात राहिलो. तो ओट्यावर बसलेला असायचा. एकदा गेलो तर घराला रंग द्यायचं निघालं होतं. रंगारी शेडकार्ड घेऊन समोर उभा.

"कोणता पण लाव," हा म्हणाला.

मी कार्ड उघडून त्याच्यापुढं धरलं. "बघ की."

त्यानं बघितलं नाही. पायाची टाच खाजवत बसला. "तूच सांग, पाटील."

मी एका चौकोनावर बोट ठेवलं. रंगारी गेला. पोरीनं चहा आणला, आम्ही प्यालो.

पुढच्या थंडीत तो गेला. मी कबरस्तानात गेलो, मूठभर माती टाकली, घरी येऊन जेवलो. रडू आलं नाही. अजून येत नाही.

दौलताबादकडं जाताना बसमधून ते घर दिसतं. मी बोट ठेवलेल्या रंगाचं. मधी एकदा उतरून गेलो, तर त्याची पोरगी म्हणाली, "काका, रंग छान निवडला हो तुम्ही."

मला काही तो छान दिसत नाही.