डब्याच्या पाठीमागे बसणारे साडू

कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, आतून पारखावा तर तो माझ्या थोरल्या साडूंनीच. आळंदपासून बिदरपर्यंत त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस नाही, आणि गंमत म्हणजे त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही. झाकण बसलं, स्क्रू आवळले, की त्यांच्या लेखी विषय संपला. बटण दाबायचं हलकं काम दुसऱ्यानं करावं. त्यांचं आयुष्य आळंदच्या बाजारात तूर पारखण्यात गेलं. पोत्याच्या पोटात परखी खुपसायची, आतले दाणे तळहातावर घ्यायचे आणि मालाची प्रत सांगायची. एकदा डाळमिलच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला. मेकॅनिकनं बाजूचा पत्रा काढला तेव्हा आतला वायरींचा गुंता पाहून साडू कळवळले, "आरं, बाहिरून नवरदेव अन् आतून उकिरडा!" तेव्हापासून गावात कुणी कॉम्प्युटर घ्यायला निघालं की साडूंना सोबत न्यायचं, हा रिवाजच पडला.

कॉम्प्युटरचा वेग किती, मेमरी किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "ते समदं भाडेकरू. आज हायेत, उद्या बदलत्याल. डबा म्हंजी घर." ते पत्र्याच्या कडांवरून उजवं बोट फिरवायचे. कड नीट दुमडलेली नसली तर बोट कापायचं, आणि रक्त बघून साडू आपला संशय खरा ठरल्याच्या आनंदात सगळ्यांना ते दाखवायचे. वायरी पाठीमागच्या पोकळीत लपल्याच पाहिजेत, त्याही पोती शिवायच्या सुतळीनं बांधलेल्या. टोक ओढलं की सुटणारी हमाली गाठ. हवा खेळते की नाही हे बघायला खिशात गाणगापूरची उदबत्ती असायचीच. कलबुर्गीच्या एका दुकानात त्यांनी डब्याचे पंखे सुरू करायला लावले आणि उदबत्ती पेटवून आत धरली, तर मालक चप्पल काढून हात जोडून उभा राहिला. धूर मात्र आतच घुटमळला. "ब्याड," साडू म्हणाले. नापसंत मालाचा निकाल ते असा कन्नडात देत; ब्याड म्हणजे नको. बऱ्यापैकी असला तर दखनीत, "चलता." मराठीतला निकाल मात्र मी कधीच ऐकला नव्हता. "मराठी घरची हाय," ते म्हणायचे, "बाजारात कामून उधळू?"

गेल्या वर्षी साडूंना अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं बधिर राहिली ती राहिलीच. साडूंनी पारख सोडली. "डोळ्यानं काय कळतंय? बोटच गेलं माझं," म्हणत ते दिवसभर ओसरीवर बसून राहत. हे बघवत नसे. अशात आमच्या मुलीला, सुजाताला, घरांचे नकाशे काढायच्या कामासाठी कॉम्प्युटर हवा झाला. मावसांनी पारखल्याशिवाय डबा घेणार नाही, असं तिनं ठरवलं आणि साडूंनी तीनदा नाही म्हटल्यावर ओळखीच्या दुकानदाराकडून दोन डबे आणून थेट त्यांच्या ओसरीवर मांडले.

"मावसा, बोट माझं, पारख तुमची. सांगा, कुठं घालू हात?"

साडू डब्याजवळ सरकले. मग म्हणाले, "वरल्या कडंला. हळू फिरव. बोचायलंय का?"

"न्हाई."

"खोटं बोलायलीस. दाव बोट."

बोटावर रक्ताची बारीक रेघ होती. "ब्याड!" साडू ओरडले. इतक्या महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या डब्यात मात्र बोट कापलं नाही, आणि धूरही मागून सरळ बाहेर पडला. मग मेकॅनिकला बोलावून आतला सगळा सरंजाम बसवला. वायरी बांधायच्या वेळी साडूंनी सुतळीचं एक टोक डाव्या हातात धरलं, दुसरं सुजातानं ओढलं, आणि कधी कुणाला दिसणार नाहीत अशा जागी त्या दोघांनी मिळून नऊ गाठी मारल्या. झाकण बसल्यावर साडू सवयीनं उठायला लागले, तर सुजातानं त्यांचं बधिर बोट धरून बटणावर टेकवलं. त्यांनी दाबलं.

"दाबलं गेलं का गं?" त्यांनी विचारलं.

"गेलं, मावसा."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी डावा तळहात डब्यामागे धरला. पंख्याचा वारा लागला असावा, हात तसाच ठेवून ते म्हणाले, "चांगलं झालंय, पोरी." एवढंच, पण मराठीत. माझे डोळे भरून आले आणि मी उगीचच केव्हाच विझलेल्या उदबत्तीचा धूर हातानं वारत राहिलो.

आता ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात. सुजाता नकाशे दाखवते, तिकडे ढुंकून बघत नाहीत. डब्याच्या पाठीमागे खुर्ची ओढून, डावा हात वाऱ्यात धरून बसतात. पोरगी काम करते तोवर उठत नाहीत.