गुडघ्याचं मलम

काल मलमाच्या नळीचं टोपण काढलं आणि त्या कापरासारख्या वासाने माझी माय आठवली. तेव्हा नापिकीची वर्षं होती, कापूस वेचणीला मजूर लावणं परवडत नव्हतं. म्हणून मी वावरात राहिले आणि तिला चांदूर बाजारहून अमरावतीच्या दवाखान्यात माझ्या नवऱ्याने नेलं. भला माणूस. सासूला एकटं वाटू नये म्हणून डॉक्टरसमोरही तिच्या बाजूलाच उभा राहिला. काय त्रास आहे विचारल्यावर पदर पुढे ओढून ती म्हणाली, “गुडघे दुखून राहिले.” संध्याकाळी मी मलम चोळायला बसले, तर तिने माझा हात धरला. “राहू दे वं. गुडघ्याले काई नाई झालं. गर्भाची पिशवी खाली उतरली माही. जवायासमोर कसं सांगू?” वेचणी झाली की मी नेते, म्हटलं. वेचणीमागून तूर आली, तुरीमागून हरभरा, आणि माय शेवटपर्यंत तशीच पाय फाकवून चालत राहिली. काल लेकाने मला दवाखान्यात नेलं. काळजीने माझ्यासोबत आत आला, माझ्यासाठी खुर्ची ओढली. डॉक्टरने विचारलं, आजी, काय होतं? मी लेकाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाले, गुडघे दुखतात.